दोन क्वीन बेडची खोली

काउंटरमागच्या बाईने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "किती जण?" आणि सत्यजित म्हणाला, "दोन."

म्हणाला आणि स्वतःच दचकला. बुकिंग एकाचं होतं. बाई साठीच्या पुढची, उन्हाने रापलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिने मान वर करून त्याच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं, नुसतं काचेचं दार आणि दारापलीकडे पांढरंफटक ऊन. "दुसरे कुठायत?" तिने विचारलं. "गाडीत," सत्यजित म्हणाला. तिची बोटं की-बोर्डवर थांबली. "गाडीत? हनी, एकशे सतरा फॅरनहाइट आहे बाहेर. आधी त्यांना आत घेऊन ये, कार्डबिर्ड मग बघू. असल्या उन्हात कुणाला बंद गाडीत ठेवतात का?" ती रागावली नव्हती, उलट हसतच होती, पण सत्यजितचे कान गरम झाले. अ‍ॅरिझोनातल्या चँडलरपासून इथवर साडेतीन तास गाडी हाणताना तो जे स्वतःशी बोलायचं टाळत आला होता, ते एका परक्या बाईने दोन मिनिटांत तोंडावर सांगून टाकलं होतं. तो "सॉरी" म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे. तिने मग एका मोठ्या बेडची खोली बदलून त्याच भाड्यात दोन क्वीन बेडची दिली, चौदा नंबर, तळमजला, दारातून उतरलं की वाळू. किल्ली म्हणून दिलेलं कार्डसुद्धा हाताला कोमट लागत होतं.

गाडीच्या मागच्या सीटवर, मुलाच्या, देवांगच्या, निळ्या बीच टॉवेलमध्ये गुंडाळून, सीट-बेल्ट लावून गणपती बसला होता. अडीच फुटांचा, कागदाच्या लगद्याचा, एका माणसाला सहज उचलता येईल असा. मुद्दाम तसाच केलेला, कारण हा गणपती बुडवायचा नव्हता. चँडलरच्या मंडळाचं विसर्जन म्हणजे आरती करायची, 'पुढच्या वर्षी लवकर या' असं घसा फोडून ओरडायचं, पळीभर पाणी पायावर घालायचं आणि पुन्हा बबल-रॅपमध्ये गुंडाळून खोक्यात भरायचं. पुढच्या वर्षी लवकर यायला देवाला कुठे लांबून यायचंच नसे. तो कुणाच्या तरी घरात वर्षभर झोपलेला असे आणि गेली सहा वर्षं तो सत्यजितच्या घरात होता. सत्यजितने गाडीचं दार उघडलं, बेल्ट काढला आणि त्याला छातीशी धरून उचलला. टॉवेलच्या आत काहीतरी सुटं हललं. वाळूवरून फुगवलेली फ्लोटी ओढत चाललेल्या एका जोडप्याने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं, झोपलेलं मूल उचलून नेणाऱ्या बापाकडे पाहतात तसं. तो मान खाली घालून चौदा नंबरात शिरला.

खोलीत क्लोरीनचा आणि जुन्या कार्पेटचा वास होता. खिडकीखालचा एसी आधी खोकला, मग घरघरत सुरू झाला. सत्यजितने तो अडुसष्टवर आणला आणि गणपतीला आतल्या बाजूच्या बेडवर, उशीला टेकवून, बरोबर गार झोतासमोर ठेवलं. हे करून झाल्यावर त्याला स्वतःची चीड आली. तीन महिने ज्याला भट्टीत ठेवला, त्याला आज हॉटेलचा एसी लावून देतोयस? कुणाला दाखवायला? त्याने टॉवेल उकलला. मंगळवारी पाहिलं होतं तेवढंच आत्ताही होतं, म्हणजे बरंच होतं. सोंड मुळापासून सुटून पोटावर आडवी पडली होती. पोट उभं उकललं होतं, आणि आतल्या पट्ट्यांवर अर्धवट अक्षरं दिसत होती, इकडे इंग्रजी सेलची जाहिरात आणि तिकडे, नाशिकहून स्टीलच्या डब्यांभोवती गुंडाळून आलेल्या एखाद्या मराठी पेपरातली छोट्या जाहिरातींची ओळ. डावा डोळा पापणीसकट पापुद्र्यासारखा सुटला होता. उजवा शाबूत होता. आणि या सगळ्यातून मेथीचा वास येत होता, कडवट, भाजल्यासारखा, एखाद्या स्वयंपाकघरात फोडणी करपल्यावर येतो तसा. लगद्यात मेथी वाटून घालायची, म्हणजे कसर लागत नाही, असं मालिनीकाकू म्हणायच्या. कसर लागली नाही, हे खरं.

मालिनीकाकू आणि एकनाथकाका. सत्यजित बावीस वर्षांपूर्वी टेंपीला एमएस करायला आला तेव्हा विमानतळावर त्याला घ्यायला मंडळातर्फे जे जोडपं आलं, ते हे. दोन दिवस राहा म्हणाले आणि तो तीन आठवडे राहिला. त्याला दूध वाया न घालवता दही कसं लावायचं इथपासून टॅक्सचा फॉर्म कसा भरायचा इथपर्यंत सगळं त्या घरात शिकवलं गेलं. त्याच ऑगस्टमध्ये त्यांच्या डायनिंग टेबलावर हा गणपती घडत होता. काका चिप बनवणाऱ्या कंपनीच्या पॅकेजिंगमध्ये, तऱ्हेतऱ्हेच्या इपॉक्सी गोंदांमध्ये आयुष्य गेलेलं. त्यांचं म्हणणं, चांगलं इपॉक्सी वापरू, शंभर वर्षं टिकेल. काकू म्हणाल्या, देवाच्या पोटात केमिकल नको, मी खळ शिजवते. खळच शिजली. आठ दिवस टेबल अडलेलं, जेवायला सगळे जमिनीवर, आणि काका लगदा थापता थापता कुरकुरत की ह्या बाईने मला पीठ कालवायला लावलंय. शेवटी डोळे उरले. डोळे काकूंनी रंगवायचे असं न बोलता ठरलेलं होतं. त्या वेळी खोलीत कुणी बोलायचं नाही, असा त्यांचा दंडक. सत्यजितच्या हातात टेबल-लॅम्प दिला होता, आणि उजव्या डोळ्याच्या वेळी त्याचा हात हलला. तो डोळा जरासा मोठा झाला. तो ओशाळून काही बोलणार, तर काकू ब्रश धुता धुता म्हणाल्या, "असू दे रे. घरातून लांब आलेली पोरं तुम्ही. एका डोळ्याने थोडं जास्त बघेल तुमच्याकडे." पुढे दर वर्षी चतुर्थीआधी काका येऊन रंगाचा हात फिरवत, मुकुट, शेला, नखं. डोळ्यांना मात्र ते कधी ब्रश लावत नसत. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, त्यानंतर तर ते डोळ्यांच्या जवळपासही ब्रश नेत नसत. काकू हॉस्पिटलात सात आठवडे होत्या. सत्यजित एकदा गेला होता. एकदाच. दुसऱ्यांदा जायचं म्हणून त्याने फुलंही घेतली होती, पण वाटेत ऑफिसचा कॉल आला आणि फुलं गाडीत राहिली. त्याचं कारण सांगता येईल असं काही नव्हतं. तो नुसता गेला नव्हता.

तो दुसऱ्या बेडच्या कडेवर बसला. उठून पडदा ओढला, पुन्हा बसला. उत्तरपूजा झाली की मूर्तीतून देव जातो, हे त्याला ठाऊक होतं. वाटभर त्याने हेच धरून ठेवलं होतं. भटजीकाकांनी मागच्या वर्षी अक्षता टाकून मूर्ती हलवली, त्याच क्षणी संपलं. नंतर खोक्यात होता तो कागद. मेपासून गॅरेजमध्ये होता तोही कागद. कागद तापला, फाटला, यात पाप कसलं? युक्तिवाद चोख होता आणि तो अर्ध्या वाटेपर्यंत टिकला. तिथे पेट्रोल भरायला थांबला असताना त्याने मागे वळून पाहिलं, आणि टॉवेलची कड उन्हात येतेय म्हणून ती सारखी केली. कागदासाठी कुणी इतकं करत नाही. खरं तर देवाची त्याला भीती वाटत नव्हतीच. देवाचं आणि त्याचं बरं होतं, दोघेही एकमेकांना फार त्रास देत नसत. त्याला भीती होती ती एका ब्याऐंशी वर्षांच्या माणसाची, जो शनिवारी सकाळी अकरा वाजता रंगांचा डबा घेऊन येणार होता. आणि ते येणं शेवटचं होतं. गणपती झाले की काका फ्रीमाँटला मुलाकडे, श्रीरामकडे, कायमचे जाणार होते.

आणि ते दर रविवारी फोन करत. काकू गेल्यापासून एक रविवार चुकला नाही. सकाळी साडेनवाला, सत्यजित कॉफीचा पहिला घोट घेत असतानाच. हवापाणी, देवांगची शाळा, बायकोचं, हिमानीचं, ऑफिस आणि शेवटी, जसं काही आत्ताच आठवलं, "आणि तो कसा आहे? आत आहे ना?" मूर्ती गेस्ट-रूमच्या कपाटात असे, तिथला एसीचा व्हेंट कधी बंद करायचा नाही ही काकांचीच ताकीद. मेमध्ये सत्यजितने व्यायामाची सायकल घेतली. ती ठेवायला खोलीत जागा करावी लागली, म्हणून खोका दोन दिवसांसाठी गॅरेजमध्ये गेला. दोनच दिवस. तो रविवार आला आणि काकांनी विचारलं, "आत आहे ना?" आणि सत्यजित म्हणाला, "हो काका, आत आहे. थंड आहे एकदम." संध्याकाळपर्यंत ते खरं होणारच होतं, त्यामुळे तेव्हा ते त्याला खोटं वाटलंच नाही. पण संध्याकाळी पाहुणे आले. पुढच्या रविवारी त्याने तेच सांगितलं. जूनमध्ये हिमानी म्हणाली, "अरे, गॅरेज तापतंय. तो खोका आत घे." "वीकेंडला," तो म्हणाला. रोज सकाळी गाडी काढताना खोका दिसे, वर काकूंच्या अक्षरात 'वरची बाजू' असं लिहिलेला, आणि तो आरशात बघून गाडी मागे घेई. उचलून दहा पावलं चालायचं होतं, बस. तेवढं का झालं नाही? या प्रश्नापाशी तो गेले दोन दिवस येऊन थांबत होता. आळस म्हणून भागत नव्हतं. आळशी माणूस सायकल असेंबल करत नाही. त्याला त्या रविवारच्या फोनचा कंटाळा आला होता, हे खरं होतं. आपल्या घरात आपल्यालाच कुणीतरी हजेरी घेतल्यासारखं विचारतंय, याचा राग होता. हॉस्पिटलात एकदाच गेलेल्या माणसाला दर आठवड्याला काकूंच्या घरून फोन यावा आणि त्या फोनवर एकदाही ती गोष्ट निघू नये, याचा तर जास्तच राग होता. म्हातारा माणूस प्रेमाने विचारत होता आणि हा आतल्या आत दात खात "थंड आहे" म्हणत होता. फोन ठेवल्यावर गॅरेजमध्ये जाऊन खोका उचलणं म्हणजे हे सगळं कबूल करणं झालं असतं. म्हणून तो कॉफी संपवायचा.

मंगळवारी, शनिवार तोंडावर आला म्हणून, त्याने खोका आत आणून उघडला. हिमानी मागे उभी होती. ती म्हणाली, "काकांना फोन कर. आत्ता." "करतो," तो म्हणाला, आणि वर जाऊन लॅपटॉपवर फायबरचा गणपती ऑर्डर केला, दोन दिवसांत डिलिव्हरी. खंडित मूर्ती पूजत नाहीत, तिचं विसर्जन करतात, हे तर सगळ्यांनाच मान्य. बारीक तडा दिसला, गुरुजींना विचारलं, ते म्हणाले लगेच विसर्जन करा, म्हणून केलं. असं शनिवारी सांगायचं. दाखवायला मूर्ती नाही म्हणजे विषय नाही. कम्युनिटीच्या तळ्यात करावं तर चार मराठी घरांच्या खिडक्या तिकडे उघडतात. म्हणून हे वाळवंटातलं गाव, जिथे नदी अडवून तलाव केलाय आणि तलावाकाठी वाळू आणून बीच केलाय. हौसेने एक अख्खा दगडी पूल लंडनहून सुटा करून आणून इथे जोडलाय म्हणतात. हिमानीला त्याने 'दुरुस्तीचं बघतो' असं सांगितलं. गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली. सगळं इतकं व्यवस्थित ठरवलं होतं की खोका आत घ्यायला याच्या शंभराव्या हिस्स्याइतकीही अक्कल लागली नसती.

संध्याकाळी सहाला तो बाहेर पडला तरी वाळू चपलेतून चटका देत होती. पाण्याजवळ गर्दी होती. माणसं छत्रीखाली नव्हती, सरळ पाण्यातच खुर्च्या टाकून गळ्यापर्यंत बसली होती, हातात बियरचे डबे, कुणाच्या तरी स्पीकरवर गाणी. म्हातारी जोडपी एकमेकांच्या पाठीला क्रीम लावत होती. एका बाईने आपल्या कुत्र्याच्या पायांत बूट घातले होते, वाळू भाजू नये म्हणून. सत्यजित त्या चार छोट्या बुटांकडे बघत राहिला. तो पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहिला. पाणी गार नव्हतं, पण वाऱ्याने अंग जरा निवलं, आणि अंग निवलं याचीही त्याला शरम वाटली. तेवढ्यात हिमानीचा फोन आला. "अरे, तो दुसरा गणपती आलाय. हॉलमध्ये उभा आहे. केवढा चकचकीत आहे! देवांग म्हणतो, डॅड, दिस वन लुक्स लाइक अ टॉय." "बरं." "तू कुठायस? खरं सांग." त्याने सांगितलं. मग ती म्हणाली, "सत्या, ती मूर्ती तुझी नाही. माझी नाही. तू ती काकांना न विचारता पाण्यात टाकू शकत नाहीस, यार." "खंडित आहे हिमानी." "हो ना. कुणी केली?" आणि तिने फोन ठेवला. तो परत आला तेव्हा खोली बर्फासारखी गार झाली होती, आणि आतल्या बेडवर गणपती एका डोळ्याने दाराकडे बघत होता. सत्यजितने दुसऱ्या बेडवरची चादर काढून त्याच्या खांद्यावर घातली. तोंडावर घालायचा त्याला धीर झाला नाही.

सकाळी सहाला, बीचवर अजून कोणी नसताना, तो मूर्ती घेऊन पाण्यात उतरला. आरती म्हणायला तोंड उघडलं, पण पहिल्या ओळीनंतर आवाज बसला. तो कमरेपर्यंत गेला, छातीपर्यंत गेला, डोळे मिटले आणि हात सोडले. डोळे उघडले तर गणपती समोरच होता. तो बुडाला नव्हता. बावीस वर्षांच्या रंगाच्या थरांनी अंगात पाणी शिरू दिलं नव्हतं आणि आतून तर तो पोकळच होता. तो उताणा होऊन शांतपणे तरंगत होता, उकललेलं पोट वर, उजवा डोळा आभाळाकडे. सत्यजितने त्याला खांद्याला धरून खाली दाबलं. तो बुडबुडे सोडत खाली गेला आणि हात काढताच पुन्हा वर आला. त्याने पुन्हा दाबलं. तिसऱ्या वेळी त्याने दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून, चेहराच खाली दाबला, आणि मग एकदम त्याला कळलं की आपण काय करतोय, हे लांबून कसं दिसत असेल. त्याने हात काढून घेतले. सुटलेली सोंड वेगळी होऊन तरंगत निघाली, आणि वाऱ्याने गणपतीही आत सरकला, तरंगत्या बोयांच्या दोरीकडे. सत्यजितला पोहणं बेताचंच येत होतं. तो हात मारत, पाणी पीत, त्याच्यामागे गेला. "थांबा," तो चक्क म्हणाला, "थांबा, थांबा." देवाला तो अहोजाहो करतो, हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

कायाकमधून सकाळचा फेरफटका मारणाऱ्या एका बाईने वल्ह्याने मूर्ती अडवून धरली. काउंटरवरचीच बाई. तिने आधी गणपतीकडे पाहिलं, मग धापा टाकणाऱ्या सत्यजितकडे. "हेच का ते, गाडीतले?" तिने विचारलं. तो हो म्हणाला. तिने आणखी काही विचारलं नाही. वाकून सोंड पाण्यातून उचलली, आपल्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "धर कायाकला. काठावर नेते दोघांना."

खोलीत त्याने हॉटेलचे चारही टॉवेल अंथरले आणि मूर्ती त्यांवर आडवी ठेवली. मेथीचा वास आता ओला झाला होता, पहिल्या दिवशीच्या त्या डायनिंग टेबलासारखा. डावीकडचा पापुद्रा पाण्यात गेला होता, तिथे नुसता करडा कागद होता. उजवा डोळा अजून होता. सत्यजित ओल्या कपड्यांनी जमिनीवर बसला आणि रडला. चाळिशी उलटलेला माणूस हॉटेलच्या कार्पेटवर बसून रडतो तेव्हा ते काही बघण्यासारखं नसतं. एसीच्या घरघरीत ते कुणाला ऐकूही गेलं नाही. मग सव्वासातला फोन वाजला. शुक्रवार होता, रविवार नव्हता, तरी नाव तेच होतं.

"झोपमोड केली का रे?" एकनाथकाका म्हणाले. "उद्याचं विचारायला फोन केला. शेजारची इशिता मला अकराला सोडेल, तिचा क्लास आहे. सोनेरी रंग संपलाय माझ्याकडचा, तू आणशील का?"

"काका," सत्यजित म्हणाला, "मूर्तीला तडा गेलाय."

"कुठे?"

"पोटाला. आणि सोंड सुटलीय."

काकांचा श्वास ऐकू येत होता. सत्यजितने पुढचं वाक्य जुळवलं होतं, गॅरेज हा शब्द त्याच्या जिभेवर होता, पण काकाच आधी बोलले. "म्हणजे कामच कच्चं माझं," ते म्हणाले. "तू सहा वर्षं घरात, एसीत, डोळ्यांत तेल घालून सांभाळलीस. त्यात फुटली म्हणजे दुसरं काय? जोडच धरला नसणार. तुला उगाच घोर लावला मी. घाबरला असशील." त्यांच्या आवाजात खरोखरच माफी होती. आणि सत्यजितला हलकं वाटलं. काही न करता, काही न सांगता, एका क्षणात सगळं सुटलं होतं. त्याने फक्त 'असं कसं काका' एवढं म्हणायचं आणि फोन ठेवायचा. फायबरचा गणपती हॉलमध्ये उभा होताच. ते हलकेपण त्याच्या छातीत पसरलं, आणि ते किती बरं वाटतंय हे त्याच्या लक्षात आलं.

"मी तेव्हाच सांगत होतो," काका बोलतच होते, पण आता त्याच्याशी नाही, दुसऱ्या कुणाशी तरी बोलल्यासारखे. "इपॉक्सी घालू म्हणत होतो. चाळीस वर्षं तेच केलं मी. पण मालिनीचा हट्ट. खळ म्हणजे खळ. ऐकलं तिचं. तिचंच चुकलं. नाही ऐकायला हवं होतं तिचं."

"काका, नाही." त्याचा आवाज इतका मोठा निघाला की तो स्वतःच थबकला. "काकूंचं काही चुकलं नाही. खळ चांगली होती. मूर्ती गॅरेजमध्ये होती."

"कधी?"

"मेपासून. मी सायकल आणली घरात. दोन दिवस म्हणून बाहेर ठेवली आणि मग... मग ठेवलीच. मी आळस केला असंही नाही काका. मला राग येत होता. तुमच्या फोनचा. मी काकूंना भेटायला एकदाच आलो होतो, ते तुम्ही कधी बोलला नाहीत, त्याचा." वाक्यं एकमेकांवर पडत होती, पण आता ती थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. "आणि मी आत्ता ती तलावात बुडवायला घेऊन आलोय. तुम्हाला दिसू नये म्हणून. ती बुडाली नाही."

फोन कट झाला असावा म्हणून त्याने स्क्रीन बघितली. सेकंद पुढे सरकत होते. बाहेर कुणीतरी वाळूवरून बर्फाचा कूलर ओढत नेला. सत्यजितला वाटलं, आता ते ओरडतील, आणि त्यांनी ओरडावं अशी त्याची मनापासून इच्छा होती.

"म्हणजे दर रविवारी मी विचारायचो," काका हळूच म्हणाले, "तेव्हा तो गॅरेजमध्ये होता."

"हो."

"आणि तू म्हणायचास, आत आहे."

"हो काका."

मग एकनाथकाकांचा आवाज आला, साधा, कोरडा, राग नसलेला. "तुझा फोन ठेवला की मी तिच्या फोटोपुढे जाऊन सांगायचो. सत्याने नीट ठेवलाय, काळजी करू नको. दर रविवारी सांगायचो." खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "उद्या मी तुझ्याकडे येत नाही. तू इकडे ये. जसा असेल तसा त्याला घेऊन ये, आणि तिला काय सांगायचं ते तूच सांग."